मीटिंगमधली ती उभी बाई कोण?

सातारा तालुक्यातल्या एका २२ वर्षांच्या मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं गाळून थोडक्यात देते.

ती बी.एस्सी. झाली आहे, कॉलेजात एनसीसी केली आहे. सैन्यात अधिकारी होण्यासाठीची सीडीएसची लेखी परीक्षा पहिल्याच फटक्यात काढून ती भोपाळला एसएसबीच्या, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाच्या, मुलाखतीला गेली. पहिल्या दिवशी पडद्यावर एक काळंपांढरं, धुरकट चित्र दाखवलं. टेबलाभोवती चार माणसं बसलेली, टेबलाच्या टोकाशी एक उभी, तिच्या हातात कागद, मागे खिडकी. हिने गोष्ट लिहिली ती अशी : ऑफिसात हिशोबात फरक आला आहे, लिपिक बाईला उभं करून साहेब झापत आहेत, ती मान खाली घालून ऐकते, शेवटी साहेबांना तिचा खरेपणा पटतो आणि ते तिला सोडून देतात. गटातल्या बाकीच्या मुलींना तेच चित्र नव्या योजनेच्या सादरीकरणाचं वाटलं. एकजण म्हणाली, “अगं, ती टीम लीडर आहे, तिला कोण झापणार?” सगळ्या हसल्या. त्यानंतर हिच्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढे जाणाऱ्यांचे नंबर वाचले त्यात हिचा नव्हता. त्याच दिवशी परतीची वाट.

आता क्लासचे सर म्हणतात, “मीटिंग दिसली की डोळे झाकून पूर नाहीतर रक्तदान शिबिर लिहायचं.” त्यांनी तयार गोष्टींची वही दिली आहे. मामा निवृत्त सुभेदार. ते म्हणतात, “दिसलं ते लिहिलंस, बरोबर केलंस.” थोरली बहीण म्हणते, “तुझ्या डोक्यातच निगेटिव्ह भरलंय, कुणाला तरी दाखव.” ताजा कलम म्हणून दोन ओळी आहेत : वडील एका पतसंस्थेत लिपिक आहेत, गेल्या वर्षी त्यांची चौकशी झाली, त्यात काही निघालं नाही. आणि मग तीन प्रश्न. त्या चित्राचा खरा अर्थ काय होता? माझ्या मनात काही खोट आहे का? वही पाठ करू का?

तुझा पहिला प्रश्न आधी संपवते, कारण तो सगळ्यांत सोपा आहे. त्या चित्राला खरा अर्थ नव्हता. कुणीतरी पडद्यामागे उत्तर झाकून ठेवलं होतं, ते बाकीच्या मुलींना सापडलं आणि तुला सापडलं नाही, असं तू धरून चालली आहेस. यात तुझा दोष नाही. शाळेत चित्रवर्णनाला पाच गुण असतात आणि बाईंच्या मनातलं वर्णन आलं तरच ते पाचही मिळतात, हे आपण चौथीपासून शिकून बसतो. इथलं चित्र मात्र मुद्दाम धुरकट केलेलं असतं. स्पष्ट असतं तर सगळ्यांनी एकच लिहिलं असतं, मग तपासणाऱ्याने तपासायचं काय?

चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावायची ही पद्धत काही लष्कराची नाही. अमेरिकेत हार्वर्डच्या मानसशास्त्र विभागात हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनी ती १९३५ मध्ये मांडली, चित्रांचा संच १९४३ मध्ये छापून आला. त्यातली बरीच चित्रं मॉर्गनबाईंच्या हातची आहेत, सगळी काळीपांढरी, आणि एक कार्ड तर निव्वळ कोरं आहे. कोऱ्या कार्डाकडे बघूनही माणसं गोष्ट सांगतात. एसएसबीच्या दुसऱ्या टप्प्यात तुला हाच प्रकार भेटला असता, अकरा चित्रं आणि बारावा पडदा कोरा. पहिल्या टप्प्यात चित्र एकच. ३० सेकंद बघायचं, मिनिटभरात पात्रं किती, वय काय, मनःस्थिती काय ते टिपायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग ती गटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. हे तुला माहीतच आहे. पण हे सदर वाचणाऱ्या आयांना आणि मामांना माहीत नसतं, म्हणून लिहिलं.

आता मामांचं म्हणणं घेऊ. “दिसलं ते लिहिलंस.” मामांचा आदर राखून सांगते, तू दिसलं ते लिहिलेलं नाहीस. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात म्हटलं आहेस, “साहेबांचा चेहरा काळवंडला होता.” अगं, धुरकट चित्रात पाचही चेहरे काळवंडलेलेच असणार! रंग नसले की वर्दी आहे की साधा शर्ट, कळत नाही. भिंतीवरची सावली दुपारची की रात्रीची, कळत नाही. कपाळावरचा काळा पट्टा म्हणजे आठी आहे की नुसती शाई पसरली आहे, तेही कळत नाही. आपण मात्र काळं जास्त दिसलं की लगेच प्रसंग गंभीर करून टाकतो. पुढे म्हणतेस, “ती मान खाली घालून उभी होती.” हातात कागद धरलेला माणूस मान खालीच घालणार, त्याला तो वाचायचा असतो. आणि ‘साहेब’ नेमका कोणता ते तू कसं ठरवलंस? पत्रात लिहिलं आहेस, “मधे बसलेले जाडसर गृहस्थ.” जाडसर म्हणजे साहेब! (हे आपल्याकडे बऱ्याचदा खरंही निघतं, पण पुरावा म्हणून चालायचं नाही.)

चित्रात दिसत होतं एवढंच : टेबल, खिडकी, बसलेले चार, उभी एक, हातात कागद. बाकी सगळं तू सोबत आणलेलं. ते आणू नये असं मी म्हणत नाही, आणल्याशिवाय गोष्ट होतच नाही. पण कुठलं पडद्यावरचं आणि कुठलं घरून आलेलं, हे ३० सेकंदांत वेगळं करता आलं पाहिजे.

उभं असलेलं माणूस खालच्या पायरीचं, हे तरी आलं कुठून? जुन्या शाळांच्या ऑफिसांत, सोसायट्यांच्या कचेऱ्यांत काळेपांढरे ग्रुप फोटो फ्रेम करून लावलेले असतात, ते आठवून बघ. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर चेअरमन, व्हाईस चेअरमन, संचालक मंडळ, मांडीवर हात ठेवून. मागे उभे कर्मचारी. अगदी कडेला, अर्धा फ्रेमबाहेर गेलेला शिपाई, त्याचं नाव खालच्या यादीत असलं तर असलं. बसलेला मोठा आणि उभा असलेला लहान, हे अशा फोटोंनी आपल्या डोळ्यांना लावलेलं वळण आहे. वर्गात उभं राहायचं ते उत्तर आलं नाही म्हणून, साहेबांच्या केबिनमध्ये उभं राहायचं ते बसायला सांगितलं नाही म्हणून. त्या हसणाऱ्या मुलींनी वेगळी ऑफिसं पाहिली असतील, जिथे उभं राहून बोलणारा माणूस खोलीचा ताबा घेतो आणि बसलेले ऐकतात. तेव्हा त्यांची टीम लीडर हेही गृहीतकच. तुझ्या लिपिक बाईपेक्षा ते जास्त खरं होतं असं अजिबात नाही. फरक एवढाच की त्यांच्या गृहीतकाला गटात पाच-सहा मतं पडली आणि तुझ्याला एकच.

एक मात्र विचारते, राग मानू नकोस. तू अधिकारी व्हायला निघाली आहेस. तुझ्या हाताखाली जवान असणार, त्यातले काही तुझ्या बाबांच्या वयाचे. आणि चित्रात पाच माणसांमध्ये एक बाई दिसली तर तिला तू बोलणी खायला उभं केलंस. गावात सरपंचपद महिलेसाठी राखीव असलं तरी ग्रामसभेत माईक कुणाच्या हातात असतो हे तू पाहिलं असशील, तेव्हा ही प्रतिमा कुठून आली ते मी समजू शकते. तरी स्वतःला एकदा विचारून ठेव.

तू दुसरी गोष्ट अशी धरली आहेस की गोष्टीमुळेच तू बाहेर पडलीस. कशावरून? मंडळ कारण सांगत नाही. त्याच दिवशी बुद्धिमापनाचे दोन पेपरही झाले, आकड्या-शब्दांचे आणि आकृत्यांचे, आणि पहिल्या टप्प्याचा निकाल दोन्ही मिळून लागतो. ते पेपर कसे गेले यावर तुझ्या चार पानी पत्रात एक ओळ नाही. सगळा राग त्या चित्रावर. माझा अंदाज विचारशील तर, आणि तो अंदाजच आहे, गोष्टीपेक्षा त्या हसण्यानंतरची तुझी गप्प बसलेली मिनिटं जास्त महागात पडली असतील. गटात बसवतात ते बोलणं-ऐकणं बघायलाच. तू लिहिलेलं कागदावर होतं, पण गटात तुझ्याकडून नंतर काही आलंच नाही.

आता गोष्टीकडेच येते, कारण तिच्यात मला खरंच एक गोष्ट खटकली. ती नकारात्मक आहे हे नाही. चौकशी, हिशोबातला फरक, झापणारे साहेब, यात काय वावगं? ऑफिसात हे रोज घडतं. मला खटकलं ते हे की तुझी बाई पूर्ण गोष्टीत काहीच करत नाही. ती उभी राहते, ऐकते, वाट बघते. पटतं ते साहेबांना, सोडतात तेही साहेबच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळी क्रियापदं साहेबांच्या वाट्याला. मंडळ ज्या १५ गुणांवर माणूस जोखतं त्यांची यादी काही गुपित नाही. पुढाकार, जबाबदारीची जाणीव, निर्णयाचा वेग, गटावर प्रभाव पाडणं, अशी ती नावं आहेत. तुझ्या बाईला यातलं एकही दाखवायला तू जागा ठेवली नाहीस.

तेच चित्र, तीच चौकशी, तीच बाई घेऊन हे बघ :

संध्याकाळी रोजकीर्द बंद करताना रोख शिल्लक ९०० रुपयांनी जुळेना. तिने घरी जाण्याआधी दिवसभराची व्हाउचरं पुन्हा लावली, तेव्हा एकच पावती दोनदा नोंदलेली सापडली. सकाळी तिने स्वतःच व्यवस्थापकांकडे बैठक मागितली. चौघांसमोर उभं राहून कागद वाचून दाखवला, चूक कुठे आणि कशी झाली ते सांगितलं. यापुढे दिवसअखेरीची शिल्लक दोघांनी मिळून तपासायची, असं तिने सुचवलं आणि त्याच दिवसापासून ते सुरू झालं.

यात पूर नाही, रक्तदान नाही, शौर्यपदक नाही. बाई लिपिकच आहे. कागद तोच, फक्त आता तो तिच्यावर ठेवलेला आरोप नाही, तिने तयार केलेलं टिपण आहे. आणि ती उभी आहे, कारण बोलणारी ती आहे. असं लिहिल्यावर कुणी “ती टीम लीडर आहे” म्हणून हसलं असतं तरी तुला हरकत नव्हती, “लिपिकच आहे, पण बैठक तिनेच बोलावली आहे,” असं म्हणता आलं असतं.

आता ताजा कलम. पत्रात सगळ्यांत शेवटी, जाता जाता लिहिलेल्या त्या दोन ओळी मला सगळ्यांत महत्त्वाच्या वाटल्या. बाबांची चौकशी चालू असताना तू परीक्षेचा अभ्यास करत होतीस. बाबा घरी येऊन काय सांगायचे, किंवा काय सांगायचे नाहीत, आई कशी वागायची, गावात कोण काय बोलायचं, हे सगळं तू कान देऊन ऐकलं असणार. मग टेबल, चार माणसं आणि एक उभं माणूस दिसल्यावर तुला दुसरं काय दिसणार होतं? याला खोट म्हणत नाहीत. ज्या घरात नुकतं लग्न ठरलं आहे त्या घरातल्या मुलीने त्याच पाच माणसांत मुलगी बघण्याचा कार्यक्रम पाहिला असता.

पण एक गोष्ट करून बघ. बाबांना विचार, त्या दिवसांत तुम्ही नेमकं काय केलंत. ‘काही निघालं नाही’ हे आपोआप होत नसतं. त्यांनी जुनी रजिस्टरं शोधून काढली असतील, नोंदी जुळवल्या असतील, लेखी खुलासा दिला असेल, रात्री उशिरापर्यंत बसून कच्चं टिपण पक्कं केलं असेल. घरात दिसलं ते त्यांचं उतरलेलं तोंड. कचेरीत त्यांनी काय केलं ते तुला कुणी सांगितलंच नाही. बोलतं करायला बाप माणूस अवघड असतो. समोरासमोर बसून “बाबा, मला सांगा” म्हणशील तर ते पेपर उघडतील. गाडीवरून जाताना विचार, नाहीतर रानात, बांधावर. तोंड दुसरीकडे असलं की बोलतात.

बहिणीला सांग, एका चित्रावरून माणसाचं मन ओळखता येत नाही. ज्यांनी ही पद्धत काढली त्यांनी त्यासाठी २० चित्रांची गोष्ट करायला सांगितली होती, आणि तरीही त्या गोष्टींचा अर्थ लावायचा कसा यावर मानसशास्त्रज्ञांमध्ये आजही वाद आहेत. एसएसबीतसुद्धा पुढच्या टप्प्यात मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारे अधिकारी आणि गटचाचणी घेणारे अधिकारी असे तिघे वेगवेगळे बघतात आणि शेवटी एकत्र बसून ठरवतात. तेव्हा घरच्या घरी निदान नको. मात्र गेल्या वर्षीपासून झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते एसएसबीचं दुखणं नाही आणि ते अंगावर काढायचं नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, पैसे लागत नाहीत. चित्रात काय दिसलं एवढ्यासाठी मात्र तो फोन करायची गरज नाही.

आणि साताऱ्यात राहून हे सोसणं सोपं नाही, हेही मला कळतं. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये इथे सुरू झालं, अपशिंगे गावाच्या नावापुढे लोक ‘मिलिटरी’ लावतात, आणि पोवई नाक्यावर चहा प्यायला थांबलं तरी एखादे माजी सैनिक काका “काय, झालं का सिलेक्शन?” म्हणून विचारतातच. त्यांना “पुढच्या वेळी” एवढं सांगून चहा संपवायचा. पहिल्या दिवशी परत पाठवलेल्यांची संख्या नेहमीच मोठी असते, आणि पुढे अधिकारी झालेल्यांपैकी कितीतरी जण एकदा तरी त्या वाटेने परतलेले असतात.

आता वही. सर वाईट नाहीत, मुलं घाबरतात म्हणून त्यांना धरायला काहीतरी देतात. पण पाठ केलेली गोष्ट म्हणजे दुसरीच्या मापाचा ब्लाउज. हात खाली आहेत तोवर चालून जातं, हात वर केलास की शिवण उसवते. गटात कुणी विचारलं, “पूर कुठल्या नदीला? पाणी कुठपर्यंत आलं होतं? ही चौघं कोण?” की तू अडकणार. शिवाय त्याच क्लासच्या दोघी एकाच गटात आल्या तर दोन्ही गोष्टींतला पूर एकाच गावात येईल. तपासणाऱ्यांनी अशा पुरांची वर्षानुवर्षं पाहणी केलेली आहे.

तुला पूरच लिहायचा असेल तर तुझ्या माहितीतला लिही. २०१९ चा महापूर तुझ्या आठवणीतला आहे. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांवर गेली की इशारा आणि ४५ वर धोका, हे तिथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. कोयनेतून विसर्ग वाढला की खालच्या गावांना किती तास मिळतात याच्यावर गणितं बांधली जातात. तेव्हा बसलेले चौघे म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि होडीवाला. उभ्या बाईच्या हातातल्या कागदावर दर तासाची पातळी आहे आणि ती सांगते आहे की ४० होण्याची वाट न बघता जनावरं आताच वरच्या शाळेत न्यायची. ही गोष्ट तुझी होईल. सरांच्या वहीत ‘पूर आला, सर्वांनी मिळून मदत केली’ असं असणार. वही न बघता तसं म्हणते, चुकीचं असेल तर कळव.

शिकून गोष्टी बदलतात का? बदलतात, आणि त्याचा दाखला आपल्याच देशातला आहे. डेव्हिड मॅक्लेलंड नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अशाच चित्रांवरच्या गोष्टींमधून माणसाची काही करून दाखवण्याची ओढ मोजायचे. १९६० च्या दशकात त्यांनी आंध्रातल्या काकीनाड्याच्या छोट्या व्यापाऱ्यांना हैदराबादला आणून प्रशिक्षण दिलं. त्यात चित्रांवर गोष्टी लिहायच्या, आपल्याच गोष्टी तपासायच्या, आणि सोबत स्वतःच्या धंद्याची पुढची उद्दिष्टं ठरवायची, असं सगळं होतं. परत गेल्यावर त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी धंद्यात हातपाय हलवायला सुरुवात केल्याचं त्यांना आढळलं. तिथे कुणी तयार गोष्टींची वही वाटली नव्हती. आपण लिहिलेल्या गोष्टीत माणूस काय करतो, हे बघायची सवय लावली होती.

ती सवय तू घरीही लावू शकतेस. जुन्या दिवाळी अंकांतली रेखाचित्रं घे, वर्तमानपत्रातले बैठकांचे फोटो मोबाइलवर काळेपांढरे करून घे. मोबाइलचं घड्याळ लाव, ३० सेकंद बघ, उलटं ठेव. आधी फक्त दिसलेलं लिही : माणसं किती, कोण कुठे, हातात काय, कुणाची नजर कुणाकडे. त्याच्या शेजारी दुसऱ्या रकान्यात आपण काय धरून चाललो ते लिही. पहिल्या आठवड्यात दुसरा रकाना पहिल्यापेक्षा लांब होईल, घाबरू नकोस. मग त्याच चित्राच्या दोन वेगळ्या गोष्टी लिही, एका गोष्टीत उभा असलेला माणूस मुख्य आणि दुसरीत बसलेल्यांपैकी सगळ्यांत गप्प दिसणारा. तेच चित्र आईला दाखव, शेजारच्या आजींना दाखव. आजींना काय दिसतं ते ऐकून तुझी करमणूक होईल आणि एकाच टेबलाभोवती किती घरं बसलेली असतात ते कळेल.

एखाद्या रविवारी औंधला जा. यमाईच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेलं चित्रसंग्रहालय आहे, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. भवानराव स्वतः चित्रं काढणारे राजे. जिल्ह्यातली कितीतरी माणसं देवीला जाऊन तिथे न डोकावता परत येतात. एका चित्रासमोर अर्धा मिनिट उभी राहा, पाठ फिरव आणि वहीत लिही. मग वळून ताडून बघ. कुणाचा हात कुठे होता हे आपण किती बिनधास्त चुकीचं लिहितो, ते बघण्यासारखं असतं.

आणि खऱ्या बैठकींना बस. ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या सुमाराला होते, तू १८ वर्षांवरची मतदार आहेस, तुला कुणी अडवू शकत नाही. दूध संस्थेची वार्षिक सभा, आईच्या बचत गटाची मासिक बैठक, काहीही चालेल. कोण उभं राहून बोलतं, कोण बसल्या जागेवरून मोडता घालतं, चहा आल्यावर विषय कसा पटकन मंजूर होतो, कागद कुणाच्या हातात असतो आणि निर्णय कुणाच्या. यातून तुला मीटिंगच्या चित्रासाठी जेवढं सापडेल तेवढं कुठल्या वहीत सापडणार नाही. बचत गटात तर हिशोब उभं राहून वाचणारी बाई बऱ्याचदा सचिव असते, आणि बाकीच्या जणी तिला जाम टरकून असतात.

गटातल्या त्या हसण्याचंही सांगते. पुन्हा तशी वेळ आली तर भांडू नकोस आणि गप्पही बसू नकोस. दिसलेल्या गोष्टीला धर. “मला ती लिपिक वाटली, तुम्हाला प्रमुख वाटते. ती उभी आहे आणि तिच्या हातात कागद आहे, हे सगळ्यांनाच दिसलं. तिथून सुरू करू या का?” एवढं म्हटलंस की आपला हेका सोडलास, पण जागा सोडली नाहीस. हे वाक्य आधी मराठीत, मग हिंदी-इंग्रजीत, मोठ्याने, आरशासमोर नव्हे, माणसांसमोर म्हणून बघ. धाकट्या भावंडांना हसायला सांग आणि हसत असताना बोल. बँकेच्या किंवा एमबीएच्या गटचर्चेला जाणाऱ्या मुलांनाही हे उपयोगी पडेल, तिथेही पहिल्या हशातच निम्मी मुलं बाद होतात.

बुद्धिमापनाच्या पेपरांचा सराव वेगळा कर, रोज, घड्याळ लावून. ते कंटाळवाणं आहे आणि त्यावर पत्रात लिहावंसं कुणाला वाटत नाही, म्हणूनच मी आठवण करून देते आहे.

राहता राहिली पुढची संधी. ओटीएसाठी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, सीडीएसला वयाची अट साधारण १९ ते २५, परीक्षा वर्षातून दोनदा, कितीदा बसायचं यावर बंधन नाही. पण तुझ्याकडे दुसरी वाट आहे आणि तिचा पत्रात उल्लेखच नाही. एनसीसीचं ‘सी’ प्रमाणपत्र असेल, त्यावर किमान ‘बी’ ग्रेड असेल आणि पदवीला एकूण ५० टक्के असतील, तर एनसीसी स्पेशल एन्ट्रीत लेखी परीक्षा नसते. अर्जातून निवड झाली की थेट एसएसबी. मुलींसाठीही जागा असतात. आजच प्रमाणपत्र काढून ग्रेड बघ. कॉलेजातून आणायचंच राहिलं असेल तर उद्या सकाळी जाऊन एनसीसी अधिकाऱ्यांना गाठ, सुट्ट्या लागल्या की त्या कपाटाची किल्ली कुणाकडेच सापडत नाही.